शाळेची बस: उतरल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट

जून जवळ आला की शाळेच्या बसची चौकशी सुरू होते. फी किती, आमच्या गेटपर्यंत येते का, सकाळी किती वाजता यावं लागेल. प्रश्न रास्त आहेत, पण मुलाच्या जिवाशी त्यांचा संबंध थोडाच. मूल बसमध्ये आपल्या जागेवर नीट बसलेलं असतं तेव्हा ते बऱ्यापैकी सुरक्षित असतं. गाडी मोठी, वजनदार, उंच, आणि शहरात वेगही बेताचा. धोका वाढतो तो चढताना, उतरताना आणि उतरल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. नेमका त्याच अर्ध्या मिनिटाचा विचार शाळा, पालक आणि चालक तिघंही सगळ्यात कमी करतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

रस्ता कधी ओलांडायचा

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे बसचं दारही डाव्या बाजूला असतं. ज्याचं घर त्याच बाजूला आहे ते मूल उतरलं की थेट रस्त्याच्या कडेला येतं. समोरच्या बाजूच्या सोसायटीतल्या मुलाला मात्र रस्ता ओलांडावा लागतो. ते उतरतं, पलीकडे आजी किंवा आई हात हलवताना दिसते, आणि ते बसच्या पुढून धावत सुटतं. बस उभी आहे म्हणजे सगळंच थांबलंय, असं त्याला वाटतं. पण बसच्या मागून येणारा दुचाकीवाला थांबलेला नसतो. उभ्या बसला वळसा घालून तो पुढे निघालेला असतो. मधे बस असल्यामुळे त्याला मूल दिसत नाही आणि मुलाला तो दिसत नाही. दोघं एकमेकांना दिसतात तेव्हा अंतर दोन-तीन मीटर उरलेलं असतं.

आता हिशोब बघा. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. समोर काहीतरी आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 11 ते 16 मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहाएक मीटर लागतात. दोन-तीन मीटरवर दिसलेल्या मुलाला वाचवणं कुणालाच शक्य नाही. दुचाकीवाला चांगला माणूस असला तरी नाही.

यावर उपाय साधा आहे आणि मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवता येतो. उतरलं की बसपासून दूर, आतल्या बाजूला उभं राहायचं. बस निघून जाऊ द्यायची. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसू लागला की मग मोठ्या माणसाचा हात धरून पलीकडे जायचं. बस उभी असताना तिच्या पुढूनही नाही आणि मागूनही नाही.

हे मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण इंटरनेटवर सापडणारी बरीचशी माहिती अमेरिकेतली असते आणि तिथे नेमकं उलटं शिकवतात. तिथे पिवळी स्कूल बस थांबली की तिचे लाल दिवे लुकलुकायला लागतात, बाजूने थांबण्याची पाटी बाहेर येते, आणि मागच्या गाड्यांनी थांबायचंच असा कायदा पन्नासही राज्यांत आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी समोरून येणाऱ्यांनाही थांबावं लागतं. त्यामुळे तिथलं मूल बसच्या पुढून, चालकाला दिसेल इतकं अंतर ठेवून, बस उभी असतानाच रस्ता ओलांडतं. आपल्याकडे उभ्या स्कूल बससाठी सगळी वाहतूक थांबते असं चित्र दिसत नाही. तिथली सूचना तशीच उचलून आपल्या शाळेच्या भिंतीवर लावली तर मुलाला आपणच धोक्यात ढकलतो.

पालकांनी करायचं ते याहून सोपं आहे. मुलाला न्यायला जाणाऱ्याने, मग ती आई असो, आजोबा असोत की शेजारच्या काकू, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून हाक मारायची नाही. बस ज्या बाजूला थांबते त्या बाजूला आधीच जाऊन थांबायचं. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. मूल हुशार आहे, पाढे घडाघडा म्हणतं, म्हणून रस्ताही ओलांडू शकेल असं नसतं. ही समज वयानेच येते.

शक्य असेल तिथे स्टॉपच बदलून घ्या. परत येताना बसचा मार्ग उलटा फिरवला तर बरीच मुलं आपल्या घराच्या बाजूलाच उतरू शकतात. कंत्राटदार आधी "डिझेल वाढेल" म्हणेल. पाच-सहा पालकांनी मिळून शाळेकडे लेखी मागणी केली तर असे बदल होतात.

बसला काय दिसत नाही

चालक उजवीकडे उंचावर बसतो. त्याच्या समोरची काच मोठी असली तरी काचेच्या खालच्या कडेपलीकडचा, बसच्या नाकाला लागून असलेला भाग त्याला दिसत नाही. डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात तर आणखी कमी दिसतं. पहिली-दुसरीतलं मूल तिथे उभं असेल, किंवा खाली पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकलं असेल, तर चालकाच्या लेखी रस्ता रिकामा असतो. म्हणून स्कूल बसला पुढे बहिर्गोल आरसे लावलेले असतात. ते धुळीने माखलेले किंवा वाकलेले असतील तर असून नसल्यासारखे.

मुलांना एक वाक्य पाठ करून घ्या: "मला काकांचा चेहरा दिसत नसेल, तर काकांना मी दिसत नाही." बाटली, डबा, चेंडू, काहीही बसखाली गेलं तर ते आणायला जायचं नाही. बसमधल्या मदतनीस मावशींना सांगायचं. नवीन बाटली आणता येते.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बस स्टॉपवरून निघताना चालक स्टिअरिंग उजवीकडे फिरवतो. बसचं नाक उजवीकडे जातं, पण मागच्या चाकांच्याही मागे असलेला बसचा भाग त्याच वेळी डावीकडे, म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मुलांच्या अंगावर येतो. बस जितकी लांब आणि वळण जितकं आखूड, तितका हा झोल जास्त. कडेला चिकटून टाटा करणाऱ्या मुलाच्या खांद्याला धक्का बसून ते मागच्या चाकापाशी पडू शकतं. वळणावर हेच उलट्या रीतीने घडतं. बस डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, कोपरा कापत आतून जातं. कोपऱ्यावर उभं राहणाऱ्याला वाटतं की पुढचं चाक लांबून गेलं, आता धोका टळला. म्हणून स्टॉप कधीही वळणाच्या तोंडाशी नसावा, आणि बस निघेपर्यंत मुलांनी तीन-चार मोठी पावलं मागे राहावं.

तिसरी गोष्ट कपड्यांची. उतरताना दप्तराचा लोंबता पट्टा, मोठ्या मुलींची ओढणी, रेनकोटच्या टोपीची दोरी, गळ्यातल्या ओळखपत्राची फीत दाराच्या दांडीत किंवा दाराच्या फटीत अडकते. मूल खाली उतरलेलं असतं, दार लागतं, बस हलते. असे अपघात जगभर झाले आहेत, आणि अमेरिकेत त्यासाठी बसमधल्या दांड्यांची रचनाच बदलावी लागली. यावर उपाय म्हणजे मावशींनी आधी खाली उतरायचं, मुलं उतरवून घ्यायची, ती बाजूला झाल्याचं बघायचं, मग वर चढून "चला" म्हणायचं. आणि तो आवाज आल्याशिवाय चालकाने गिअर टाकायचा नाही. मागून कितीही हॉर्न वाजोत.

आत बसल्यावर

बसमध्ये आत मुलांकडून अपेक्षा फार नाहीत. बसायचं, पाठ सीटला टेकवायची, दप्तर मांडीवर किंवा सीटखाली ठेवायचं, मधल्या वाटेत नाही. हात-डोकं खिडकीबाहेर काढायचं नाही. पट्टा असेल तर लावायचा. बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. शेवटचा नियम मुलं सगळ्यात जास्त मोडतात, कारण आपला स्टॉप आला की दाराशी पहिलं पोचायचं असतं. जोरात ब्रेक लागला की उभं असलेलं मूल बसच्याच वेगाने पुढे फेकलं जातं आणि समोर लोखंडी दांडी असते.

सीटची उंची आणि अंतर हा शोभेचा भाग नाही. अमेरिकेने 1977 पासून मोठ्या स्कूल बससाठी उंच पाठीच्या, गादी असलेल्या, जवळजवळ लावलेल्या सीट सक्तीच्या केल्या. टक्कर झाली तर मूल समोरच्या मऊ पाठीवर आदळावं आणि धक्का तिथेच विरावा, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडच्या चांगल्या बसमध्येही उंच पाठीच्या सीट असतात. पण छोट्या व्हॅनमध्ये समोरासमोर बाक टाकलेले असतात आणि मुलं आडवी बसतात. आडव्या बसलेल्या शरीराला पुढून कसलाच आधार नसतो. ही बैठक मुलांना गप्पा मारायला आवडते, पण टक्कर झाली तर तीच सगळ्यात वाईट ठरते.

पिवळ्या रंगाचंही असंच. 1939 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर यांनी स्कूल बसचे निकष ठरवण्यासाठी परिषद भरवली, तिथे हा पिवळा रंग ठरला. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो लांबून ओळखू येतो आणि त्यावरची काळी अक्षरं स्पष्ट वाचता येतात. पावसाळ्यात सकाळी सातला पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर उभं राहिलं की या निवडीचं मोल कळतं.

व्हॅन, रिक्षा आणि पांढरी पाटी

महाराष्ट्रात असंख्य मुलं मोठ्या बसने जातच नाहीत. गल्ली अरुंद, शाळेची बस नाही, किंवा तिची फी परवडत नाही. मग व्हॅनवाले काका किंवा रिक्षाकाका येतात. त्यातले कितीतरी मुलांना जिवापाड जपतात. कुणाला ताप आलाय ते त्यांना आईच्या आधी कळतं. त्यांना खलनायक ठरवून काही साधत नाही. पण माणूस चांगला आहे म्हणून गाडी सुरक्षित होत नाही.

रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा. तिथे मुलं चालकाच्या शेजारी, मागे लाकडी फळीवर अशी बसवली जातात आणि दप्तरं बाहेर टांगलेली असतात. जुन्या व्हॅनमध्ये गॅसच्या टाकीवर फळी टाकून त्यावर मुलं बसवतात. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी उशिरा थांबते, वळणावर लवकर कलंडते आणि पेटली तर रिकामी व्हायला जास्त वेळ घेते. कायद्यात जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे, म्हणजे तो भरूनही धंदा परवडतो. हे दंडाने थांबणार नाही.

थांबेल ते पालकांच्या हिशोबाने. काका एक मूल जास्त का घेतात? कारण दर मुलामागे मिळणारे पैसे त्यांना पुरत नाहीत आणि आपण दर वर्षी "शंभर रुपये कमी करा" म्हणतो. गाडीतल्या सगळ्या पालकांनी एकदा बसून ठरवावं की मुलं इतकीच असतील आणि त्यासाठी आम्ही थोडे जास्त देऊ. हे बोलणं अवघड असतं, कारण एखाद्या घराला ते जास्तीचे पैसे खरोखर जड जातात. तरीही ते व्हायला हवं. काकांनाही हेच हवं असतं, पण ते स्वतःहून म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट आजच बघून घ्या: नंबर प्लेट. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदवलेली गाडी. विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी; ती पैसे घेऊन मुलं नेऊ शकत नाही. हा फक्त दंडाचा प्रश्न नाही. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने वापरली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईला आक्षेप घेऊ शकते. मग जखमी मुलाच्या घरच्यांना वर्षानुवर्षं न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मोबाईलवर एम-परिवहन ॲप टाकून गाडीचा नंबर घातला की तिच्या फिटनेसची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या दाखल्याची मुदत, विमा आणि पीयूसी दिसतं. प्रवासी वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे. भाजी घेताना आपण प्रत्येक टोमॅटो दाबून बघतो. ज्या गाडीत मूल रोज बसतं तिचा नंबर एकदा तपासायला काय हरकत आहे?

चालकाच्या जागी बसून बघा

स्कूल बसच्या चालकाचा दिवस पहाटे सुरू होतो. सकाळची ट्रिप, मग पुष्कळदा एखाद्या कंपनीची ट्रिप, दुपारची शाळा सुटते ती ट्रिप, कधी संध्याकाळी आणखी एखादं भाडं. झोप अपुरी, पगार बेताचा, आणि प्रत्येक स्टॉपवर उशीर झाला की बोलणी. पालकांनी एका गोष्टीचा विचार करावा: आपण स्टॉपवर तीन मिनिटं उशिरा पोचतो, तेव्हा ती तीन मिनिटं पुढच्या रस्त्यावर वेग वाढवून भरून काढली जातात. ती आपल्याच मुलाला घेऊन भरून काढली जातात.

दुसरी गोष्ट फोनची. बस दिसली नाही की लगेच "काका, कुठे आलात?" म्हणून फोन जातो. वीस पालकांनी फोन केला तर वीस वेळा चालकाची नजर रस्त्यावरून हटते. गाडी चालवताना मोबाईल वापरणं गुन्हा आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि त्याला तो करायला आपणच लावतो. फोन करायचाच तर मावशींच्या नंबरवर. शाळेने जीपीएसचं ॲप दिलं असेल तर त्यावर बघा.

चालकाकडून मात्र काही गोष्टींत तडजोड नसावी. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची: टायर, दिवे, आरसे, ब्रेक. आपत्कालीन दार हाताने उघडून बघायचं, कारण वर्षभर बंद राहिलेलं दार ऐन वेळी गंजलेलं निघतं. आग विझवण्याच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते बघायचं. केंद्रीय नियमानुसार स्कूल बसला ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारा वेगनियंत्रक बसवावा लागतो. तो काढून टाकलेला नसावा. दारूबद्दल बोलायलाच नको. कायद्यातली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण मुलांच्या बसवर ती शून्यच मानायची.

11 एप्रिल 2024 रोजी हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यातल्या कनिना इथे शाळेची बस झाडावर आदळून उलटली आणि सहा मुलं गेली. ईदची सुट्टी असून शाळा सुरू होती. चालक दारू प्यायला होता असं तपासात पुढे आलं, आणि गाडीच्या फिटनेसची मुदत काही वर्षांपूर्वीच संपलेली होती. अपघाताआधी एका गावात लोकांनी चालकाची अवस्था बघून किल्ली काढून घेतली होती आणि नंतर ती परत दिली गेली, अशाही बातम्या तेव्हा आल्या. चालक प्यायलेला दिसला तर किल्ली परत द्यायची नाही. मुलं उतरवून घ्यायची, शाळेला कळवायचं, 112 वर फोन करायचा. एक दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या.

नियम आले कुठून, आणि समिती नावाची गोष्ट

18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून एक खचाखच भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं बुडाली. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांची दिल्लीच्या वाहनांसंबंधीची याचिका सुरू होती. तिच्यातच न्यायालयाने शाळेच्या बससाठी अटी घातल्या. बस पिवळी हवी, पुढेमागे "स्कूल बस" लिहिलेलं हवं, शाळेचं नाव आणि फोन नंबर हवा, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं साधन, वेगनियंत्रक आणि पक्की कडी असलेलं दार हवं. मुलांसोबत प्रशिक्षित मदतनीस हवा. चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यासाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलान झालेला चालक नको, आणि अतिवेग किंवा दारूसाठी एकदाही दंड झालेला तर मुळीच नको. आज देशभरातल्या शाळांच्या भिंतींवर दिसणाऱ्या याद्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

महाराष्ट्राने 2011 साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची तरतूद म्हणजे प्रत्येक शाळेत परिवहन समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, परिवहन आणि शिक्षण खात्याचे लोक, बस कंत्राटदार. फी, स्टॉप, गाड्यांची कागदपत्रं, चालकांची माहिती हे सगळं तिथे बघायचं असतं. म्हणजे वर सांगितलेला स्टॉप हलवण्याचा प्रश्न मुळात याच टेबलावरचा आहे. कागदावर समिती बऱ्याच शाळांत असते. प्रत्यक्षात ती बसते का, हे पालकांनी विचारलं तरच कळतं. पालक सभेत हात वर करून विचारा की आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, त्यात काय ठरलं, पालक प्रतिनिधी कोण. "बस आमची नाही, कंत्राटदाराची आहे" हे शाळेचं उत्तर चालत नाही. गाडी कुणाचीही असो, मुलं शाळेच्या नावावर त्यात बसतात.

याच नियमांत मदतनीसही येतो, आणि मुली असतील तर स्त्री मदतनीस हवी. बसमधल्या मावशींना आपण फार गृहीत धरतो. मुलं मोजणं, चढवणं-उतरवणं, भांडण सोडवणं, उलटी झालेल्याला सांभाळणं, आणि मुलाला घ्यायला आलेला माणूस ओळखीचा आहे का हे बघणं, सगळं त्यांच्यावर असतं. त्यांना प्रशिक्षण आणि बरा पगार मिळतो का, हेही समितीत विचारावं. स्टॉपवर कुणीच आलं नसेल तर मुलाला तिथे सोडायचं नाही, परत शाळेत न्यायचं, ही सूचना लेखी असली पाहिजे. नाहीतर घाईत त्या बिचाऱ्या एकट्याच निर्णय घेतात.

शेवटच्या सीटपर्यंत चालत जाणं

सप्टेंबर 2022 मध्ये कतारमध्ये एक चार वर्षांची भारतीय मुलगी बालवाडीच्या बसमध्ये झोपली. बाकी मुलं उतरली, बस बंद करून उन्हात उभी केली गेली. ती आत आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि ती वाचली नाही. बंद गाडीत उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये विदर्भात, मराठवाड्यात बाहेरच 40 अंश असतात.

ट्रिप संपली की चालकाने किंवा मावशींनी मागच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघायचं. आरशात बघून चालत नाही, कारण झोपलेलं मूल आरशात दिसतच नाही. काही बसमध्ये मागे एक बटण बसवलेलं असतं, ते जाऊन दाबल्याशिवाय भोंगा बंद होत नाही. बटण नसेल तर वहीत सही. आणि शाळेने हजेरी घेतल्यावर न आलेल्या मुलाच्या घरी तासाभरात फोन करायचा. चालक चुकला, मावशी चुकल्या, तरी त्या फोनमुळे मूल सापडतं.

मूल काही सांगत असेल तर

मोठ्या माणसाच्या ताब्यात, बंद गाडीत मूल रोज काही वेळ असतं. यात लैंगिक छळाचा धोका आहे, आणि तो संकोचाने टाळून उपयोग नाही. शाळेने चालक आणि मदतनिसांची पोलीस पडताळणी केली आहे का, ते विचारा. सकाळी पहिलं चढणारं आणि दुपारी शेवटचं उतरणारं मूल चालकासोबत एकटं राहतं का, तेही बघा. राहत असेल तर मार्ग बदला किंवा मदतनीस शेवटपर्यंत थांबेल असं करा.

मूल अचानक "मला बसने नाही जायचं" म्हणू लागलं, तर हट्ट समजून दामटू नका. शांतपणे विचारा, आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवून ऐका. असं काही कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पालकांना जसं तसंच शाळेलाही. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आत मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098, पोलीस 112.

पावसात

पावसात गावाकडच्या मार्गांवर एक वेगळाच प्रश्न असतो. ओढ्याला पाणी आलेलं, पूल बुडालेला, आणि पलीकडे घर. रोजचाच रस्ता आहे, पाणी घोट्याएवढंच दिसतंय, असं म्हणून गाडी घातली जाते. वाहत्या पाण्याचा जोर आणि खालचा वाहून गेलेला रस्ता वरून दिसत नाही. इथे चालकाला पालकांचा पाठिंबा आधीच मिळालेला हवा: पुलावरून पाणी असेल तर गाडी घालायची नाही, मुलांना शाळेत किंवा अलीकडच्या गावात थांबवायचं, आणि उशीर झाला म्हणून कुणी त्याला बोलणार नाही. अलीकडच्या गावात कुणाच्या घरी मुलं थांबतील, तिथला फोन नंबर कोणता, जेवणाचं काय, हे जूनमध्येच ठरवून बसमध्ये चिकटवून ठेवा.